डावीकडून तिसरी कोण?

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात मेडिकल कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांचा एक संग्रह आहे, लेगसी सेंटर नावाचा. त्यातला एक फोटो तुम्हा बहुतेकांच्या ओळखीचा असणार. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो फोनवरून इतका फिरलाय, की एखाद्या मामेभावाकडून किंवा शाळेच्या ग्रुपवरून तो आला नाही असं मराठी घर शोधावं लागेल. तीन तरुण मुली, आपापल्या देशाच्या पोषाखात. तारीख १० ऑक्टोबर १८८५. डावीकडे साडीतली आनंदीबाई जोशी, मधे किमोनोतली जपानची केई ओकामी आणि उजवीकडे सीरियाची साबात इस्लामबुली. तिघीही विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी.

आपण हा फोटो कौतुकाने पाहतो, पुढे पाठवतो आणि विसरतो. मला बोलायचंय ते त्याच्या खाली छापलेल्या दोन-तीन ओळींबद्दल. त्या नीट वाचल्या तर गंमत आहे. आनंदीबाईंच्या नावापुढे गाव दिलंय ते कल्याण नव्हे, पुणे नव्हे, तर सेरामपूर, आणि त्याचंही स्पेलिंग असं बिघडलेलं, की नकाशावर शोधायला गेलात तर सापडणार नाही. (हे बंगालमधलं सेरामपूर. आपलं साखर कारखान्यांचं श्रीरामपूर नव्हे.) गोपाळराव पोस्टखात्यात होते, बदली होत होत ते तिथे पोचले, आणि अमेरिकेला निघण्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाईंनी तिथल्याच कॉलेजात आपलं प्रसिद्ध भाषण केलं. म्हणून कॉलेजच्या दप्तरी त्या सेरामपूरच्या! शिवाय तिघींच्याही नावामागे 'डॉक्टर' आहे. फोटो ऑक्टोबर १८८५ चा, आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला, ओकामीला १८८९ मध्ये आणि इस्लामबुलीला १८९० मध्ये. म्हणजे या ओळी फोटो काढला त्या दिवसाच्या नसणार, नंतर कुणीतरी लिहिलेल्या. आणि इस्लामबुलीचं पहिलं नाव तर तिथे 'ताबात' असं आहे.

इतक्या चुका असूनही मी म्हणेन, की त्या अनामिक लिहिणाऱ्याचे आपल्यावर उपकार आहेत. त्या ओळी नसत्या, तर आज आपल्या हातात काय असतं? परदेशी कपड्यांतल्या तीन अनोळखी बायका. कुणीतरी त्याखाली 'पूर्वेकडील विद्यार्थिनी' असं लिहून तो फडताळात टाकला असता.

पण नाव कळलं म्हणजे माणूस कळला असंही नाही. आनंदीबाईंची पत्रं आहेत. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या असताना एक मिशनरी मासिक चाळलं, त्यात गोपाळरावांचं पत्र वाचलं, आणि तिथून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे आनंदीबाई त्यांच्याच घरी उतरल्या आणि त्यांना मावशी म्हणू लागल्या. कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिलं. काशीबाई कानिटकरांनी १९१२ मध्ये मराठीत लिहिलं. श्री. ज. जोश्यांची कादंबरी आली, नाटक आलं, २०१९ मध्ये सिनेमाही आला. या सगळ्यामुळे आपण तो फोटो पाहतो तेव्हा आपल्याला जे दिसतं ते कागदावर नाहीच. दहा दिवसांचं होऊन गेलेलं मूल, नवऱ्याचा हट्ट, फिलाडेल्फियाची थंडी, क्षय. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आतच पुण्यात आलेलं मरण. आणि त्यानंतर मावशीकडे आलेल्या अस्थी, ज्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या आहेत. आपल्याकडची कितीतरी मंडळी तिथे फुलं ठेवून आली आहेत.

आता मधली पाहा. ओकामी जपानला परतली, टोकियोच्या एका इस्पितळात काम करू लागली, आणि सम्राटांनी बाई डॉक्टर म्हणून तिच्याकडून तपासून घ्यायला नकार दिला तेव्हा तिने राजीनामा दिला असं सांगतात. एवढं तरी कळतं.

आणि डावीकडून तिसरी? ती शिकून मायदेशी गेली, पुढे कैरोला होती असं म्हणतात. संपलं. एकाच दिवशी, एकाच फोटोत, शेजारी शेजारी असलेल्या या मुली. एकीचा आवाज आपल्याला घरातल्या माणसाचा असावा तसा ऐकू येतो, आणि दुसरीच्या नावाच्या पहिल्या अक्षराचीही खात्री नाही. कॅमेऱ्याने दोघींना सारखंच टिपलं होतं. फरक पडला तो नंतर, कुणी पत्रं ठेवली आणि कुणी गोष्ट सांगितली यामुळे.

ज्याला डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतात तिचा सगळा इतिहास, माझ्या मते, या एका प्रश्नाभोवती फिरतो: चित्र कुणी काढलं, आणि शब्द कुणाचे? या देशात तर हा प्रश्न पहिल्यापासून स्थलांतरितांशी बांधलेला आहे. जेकब रीस हा डेन्मार्कचा माणूस १८७० मध्ये न्यूयॉर्कला आला, काही काळ अक्षरशः उपाशी हिंडला, पोलीसचौकीच्या निवाऱ्यात झोपला, आणि पुढे वर्तमानपत्रात पोलीस बातमीदार झाला. मलबेरी स्ट्रीटच्या आसपासच्या चाळी, तिथे एकेका खोलीत कोंबलेली माणसं हे सगळं तो लिहीत होता, पण वाचणाऱ्यांना काही वाटत नव्हतं. १८८७ च्या सुमाराला उजेडासाठी पेटवायची मॅग्नेशियमची पूड निघाली, तेव्हा हा गडी रात्री-अपरात्री त्या अंधाऱ्या खोल्यांत शिरून फोटो काढू लागला. त्या पुडीने आपण दोनदा घराला आग लावली होती, हे त्यानेच लिहून ठेवलंय.

पुस्तक १८९० मध्ये आलं. पण त्याआधी, १८८८ पासून, तो चर्चमधून आणि सभागृहांतून ही चित्रं 'मॅजिक लँटर्न'वर पडद्यावर दाखवायचा आणि शेजारी उभा राहून बोलायचा. आता मल्टिमीडिया म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा चालतो ते याहून वेगळं काय आहे? चित्रं खरी होती, त्यांच्यामुळे शहराचे कायदे बदलायला मदत झाली हेही खरं. पण शब्द मात्र रीसचे. इटालियन असे, चिनी तसे, ज्यू अमुक असे शेरे त्याच्या लिखाणात भरपूर आहेत. आणि झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांना, अहो तुमचं नाव काय, हे त्याने क्वचितच विचारलं.

गंमत म्हणजे साधारण त्याच काळात, आनंदीबाईंच्याच कल्याणात, महादेव पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव असाच काचेच्या चित्रांचा खेळ करत होते. 'शांबरिक खरोलिका' असं भारदस्त नाव. रंगवलेल्या काचा, पुराणातल्या गोष्टी, आणि सोबत निवेदन. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथीची पोथी उलगडून एकेक चित्र मांडीवर धरून वाद्यांच्या साथीवर कथा सांगत आलेत. त्यातल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सांगायचा मुद्दा, चित्र दाखवताना तोंड बंद ठेवायचं ही पद्धत आपली नाहीच. आपल्याकडे लग्नाचा अल्बम दाखवायलासुद्धा एक आत्या शेजारी बसावी लागते.

रीसच्या नंतर आला लुईस हाइन. हा शाळामास्तर. एलिस आयलंडवर उतरणाऱ्या लोकांचे फोटो त्याने काढले, आणि १९०८ पासून बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीसाठी गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने हिंडला. कारखानदार आत घेईनात, म्हणून कधी बायबल विकणारा, कधी यंत्रांचा फोटोग्राफर बनून शिरायचा. मला त्याची एक युक्ती फार आवडते. आपल्या कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याने मोजून ठेवलं होतं. मूल शेजारी उभं राहिलं की बटणावरून त्याची उंची कळायची आणि उंचीवरून वयाचा अंदाज यायचा. खिशातल्या खिशात हात घालून तो कागदावर टिपण करायचा: नाव, वय, काम किती तास, मजुरी किती. ते पाच हजारांवर फोटो आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्या टिपणांमुळे शंभर वर्षांनी लोकांनी त्यातल्या कित्येक मुलांची नातवंडं शोधून काढली. ज्यांना आजीचं बालपण ठाऊकच नव्हतं अशा माणसांना गिरणीतल्या साच्यापुढे अनवाणी उभी असलेली आजी भेटली.

याच्या उलट गोष्ट जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एकाची. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. मंदीचा काळ, वाटाण्याचं पीक थंडीने गेलेलं, शेतमजूर तंबूत अडकलेले. डोरोथिया लँग सरकारी नोकरीत फोटो काढत फिरत होती. तिने बत्तीस वर्षांच्या एका बाईचे काही फोटो घेतले. हात गालाला, कपाळाला आठ्या, दोन मुलं दोन्ही खांद्यांआड तोंड लपवून. 'मायग्रंट मदर'. लँगने बाकी ठिकाणी नोंदी केल्या, पण इथे नाव विचारलं नाही. तिने स्वतःच पुढे तसं लिहिलंय. फोटो वर्तमानपत्रात आला, त्या तळावर सरकारने धान्य पाठवलं, पण तोपर्यंत हे कुटुंब पुढे निघून गेलं होतं.

ती बाई कोण हे जगाला कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, ओक्लाहोमाची, चेरोकी वंशाची. सगळ्यांनी तिच्यात गोऱ्या शेतकऱ्याची बायको पाहिली होती! तिने सांगितलं, की त्या फोटोचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, आणि आपल्याला तो आवडतही नाही. लँगच्या टिपणात होतं, की यांनी गाडीचे टायर विकून खाल्लं. मुलगा म्हणाला, आमच्याकडे विकायला टायर होतेच कुठे, त्याच गाडीतून तर आम्ही पुढे गेलो. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा लोकांनी मदत पाठवली, त्याच वर्षी ती गेली. १९९८ मध्ये पोस्टाने त्या फोटोचं तिकीट काढलं. लँगबाईंबद्दल मला आदर आहे, तिच्या चित्राने माणसं जगली. तरीसुद्धा, नाव विचारायला कितीसा वेळ लागतो?

आपल्यातलंही एक उदाहरण देतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे इथेच पश्चिम किनाऱ्यावर आले, वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले, आणि जगभर भटकून १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे त्यांनी मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. त्यांच्या या कामाचे फोटो काढले टीना मोडोट्टीने, जी आज विसाव्या शतकातल्या थोर फोटोग्राफरांत गणली जाते. ती स्वतः इटलीहून पोरवयात सॅन फ्रान्सिस्कोला आलेली. भिंतीवर चित्र काढणाऱ्या दिएगो रिवेराने खानखोजेंना आपल्या चित्रातही घेतलं. पण मक्याच्या कणसाचा फोटो कितीही सुंदर असला तरी तो कणीस हातात धरणारा माणूस विदर्भातला, ब्रिटिशांनी मायदेशाचे दरवाजे बंद केलेला, हे कणीस कसं सांगणार? ते सांगितलं त्यांच्या मुलीने, सावित्री सॉहनी यांनी, वडिलांचं चरित्र लिहून.

म्हणजे शेवटी घरचंच माणूस लागतं. आणि इथे मला आपल्या घरांकडे यायचंय.

३ ऑक्टोबर १९६५ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली, आणि त्यानंतर जी मंडळी आठ डॉलर खिशात घेऊन आली (आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, पण दहाच्या वर कुणीच जात नाही!) ती आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी पहिल्या पगारात काय घेतलं? बहुतेकांनी कॅमेरा. आई-वडिलांना दाखवायला हवं ना, आपण कुठे आहोत ते. बर्फात उभं राहून, दुसऱ्याच्या गाडीला टेकून, नायगाऱ्याच्या कठड्याशी. प्रिंटपेक्षा स्लाईड स्वस्त पडायच्या म्हणून स्लाईडचे डबेच्या डबे भरले. हे सगळं आज बेसमेंटमध्ये आहे, बॉयलरशेजारी, आणि घर विकून लहान जागेत जायची वेळ आली की मुलांपुढे प्रश्न येतो, ह्याचं काय करायचं?

अशाच एका घरी गेल्या वर्षी आम्ही चार-पाच जण मदतीला गेलो होतो. काका गेले होते, काकूंना मुलाकडे न्यायचं होतं. स्लाईडचा प्रोजेक्टर अजून चालत होता. भिंतीवर एकामागून एक चित्रं. गणपतीची आरास, मागे पेपर टॉवेलची गुंडाळी. बेल-बॉटम घातलेले सात-आठ तरुण, कुणाच्यातरी अपार्टमेंटच्या जिन्यात, हातात कागदी प्लेटा. मुलगा विचारत होता, "आई, हे कोण गं?" काकू म्हणाल्या, "हे आपटे, हे... ह्यांना सगळी नावं पाठ होती रे." जिन्यातल्या त्या मंडळींपैकी कुणाच्या तरी घरात याच दिवसाची दुसरी स्लाईड असेल, आणि तिथे कुणीतरी काकांकडे बोट दाखवून विचारत असेल.

फोटो हरवणं ही भीती जुनी झाली. आता फोटो असतात, त्यातली माणसं हरवतात. स्कॅन करून देणारी दुकानं आहेत, हजार स्लाईड एका बोटाएवढ्या तुकड्यावर येतात, मुलं समाधानाने झोपतात. पण नावाशिवाय स्कॅन केलेल्या हजार स्लाईड म्हणजे हजार 'मायग्रंट मदर'.

यावर या देशात काही चांगली कामं झाली आहेत, ती आपल्याला माहीत हवीत. केन बर्न्सची 'सिव्हिल वॉर' ही मालिका १९९० मध्ये पब्लिक टेलिव्हिजनवर लागली तेव्हा घरोघरी पाहिली गेली. दाखवलं काय, तर बहुतेक जुने स्थिर फोटो. कॅमेरा त्यांच्यावरून हळूहळू सरकतो आणि मागे सैनिकांची पत्रं वाचली जातात. बस. लोक रडले. पुढे २००३ मध्ये डेव्ह आयसे यांनी 'स्टोरीकोर' सुरू केलं. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एक छोटी खोली होती. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं चाळीस मिनिटं बोलतात. ते रेकॉर्ड होतं, आणि त्यांची परवानगी असली तर एक प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाते. तिथे रूझवेल्टांची कागदपत्रं आहेत आणि बस-ड्रायव्हर बापाने मुलाला सांगितलेली गोष्टही आहे.

खास आपल्यासारख्यांसाठी २००८ पासून 'साडा' आहे, म्हणजे साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह, समीप मलिक आणि मिशेल कॅस्वेल यांनी सुरू केलेलं, फिलाडेल्फियातलं. त्यांची पद्धत मला शहाणपणाची वाटते. मूळ वस्तू ते ठेवून घेत नाहीत. फोटो, पत्र, पासपोर्ट, मंडळाचं जुनं पत्रक जे असेल ते घ्यायचं, स्कॅन करायचं, तुमचं तुम्हाला परत. 'फर्स्ट डेज' म्हणून त्यांचा एक उपक्रम आहे, त्यात माणसं अमेरिकेतल्या आपल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतात. गुजराती, पंजाबी, बंगाली कुटुंबांचा ऐवज त्यांच्याकडे आहे. आपण मराठी माणसं नाटक-गाण्यात जेवढे पुढे, तेवढे या बाबतीत नाही, असं माझं मत. "आमच्यात काय एवढं सांगण्यासारखं?" हा आपला विनय. त्यात थोडा आळसही मिसळलेला असतो.

सांगण्यासारखं काय असतं ते पाहायचं तर महाराष्ट्राकडेच बघावं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावांतून. पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'परी'ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, २०१७ पासून त्या जगापुढे आणल्या. ओवीचे शब्द, गाणारणीचा आवाज, तिचा फोटो, आणि खाली तिचं नाव, गाव, तालुका. 'एक ग्रामीण महिला' असं कुठेही नाही. मुळशीच्या एखाद्या डोंगरावरच्या बाईचं नाव ज्या काळजीने लिहिलं गेलंय, ते पाहून आपल्या घरच्या अल्बमची लाज वाटते.

तेव्हा करायचं काय? स्टुडिओ नको, मोठा कॅमेरा नको. खिशातल्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायची सोय आहे, तेवढी पुरे. आजी-आजोबांना समोर बसवून "तुमची जीवनकथा सांगा" म्हटलंत, की ते शाळेचं नाव, डिग्रीचं वर्ष आणि कंपन्यांची यादी देतात. त्याऐवजी हातात एक फोटो द्या. "हा जिना कुठला?" एवढं विचारा. जिन्यावरून घरमालकीण निघते, तिच्यावरून भाड्याच्या घरात मोहरीची फोडणी दिली म्हणून झालेलं भांडण, त्यावरून पहिल्या हिवाळ्यातलं एकटेपण. ते कधी कुणाला सांगितलेलं नसतं. मधे थांबले तर थांबू द्या, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मागे टीव्ही बंद ठेवा, फ्रीजपासून दूर बसा, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये फार येते. प्रश्न नातवंडांनी विचारले तर सोन्याहून पिवळं. त्यांचं मराठी मोडकं असलं तरी चालेल, आजी "अगं तसं नव्हे" म्हणून दुरुस्त करते, आणि ते दुरुस्त करणंही टेपमध्ये येतं. उत्तरं मराठीत असू द्या. भाषांतर नंतर कधीही होतं, आवाज नंतर मिळत नाही. आणि कृपा करून मागे बासरी लावू नका.

एक पथ्य. सगळंच सगळ्यांना दाखवायचं नसतं. कुणाचा घटस्फोट, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचे कागदपत्रांचे घोळ. सांगणाऱ्याला आधी विचारा, हे घरापुरतं की बाहेर चालेल? नंतर एकदा ऐकवा आणि पुन्हा विचारा. रीससारखं झोपेत गाठून उजेड पाडायचा नाही.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगतो. कोडॅक्रोमच्या स्लाईड अंधारात ठेवल्या असतील तर रंग अजून शाबूत असतात. ती फिल्म धुणारी शेवटची लॅब, कॅन्ससमधल्या पार्सन्सची, २०१० च्या डिसेंबरअखेर थांबली, त्यामुळे न धुतलेला रोल सापडला तर त्यातून रंग आता मिळणं कठीण. सत्तरच्या दशकातले रंगीत प्रिंट मात्र लालसर पडत चाललेत, ते आधी घ्या. चिकट पानांचे अल्बम, ज्यावर प्लॅस्टिकचा कागद असतो, ते सर्वांत वाईट. त्यातले फोटो ओढून काढू नका, निघत नसतील तर पानासकटच स्कॅन करा. देशातून आलेल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी इथल्या व्हीसीआरवर चालत नसत हे आठवत असेलच. त्या पॅल पद्धतीच्या आहेत, दुकानात तसं स्पष्ट सांगा. आणि आई-वडिलांनी आवाज भरून पाठवलेल्या ऑडिओ कॅसेटी सापडल्या, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या पहिल्यांदा उतरवून घ्या. टेप दरवर्षी खराब होते. एका मैत्रिणीकडच्या अशा कॅसेटवर तिच्या सासऱ्यांनी सगळ्या घराची खुशाली सांगून झाल्यावर मागे राहिलेल्या जागेत गल्लीतला भाजीवाला भरला होता, का तर लेकाला ऐकायला मिळावं म्हणून.

आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात या वर्षी हॉलच्या मागच्या बाजूला, चहाच्या टेबलाशेजारी, आणखी एक टेबल असेल. स्कॅनर, दोन खुर्च्या आणि एक रेकॉर्डर. प्रत्येक कुटुंबाने पाचच फोटो आणावेत, जास्त नकोत, नाहीतर नाटक सुरू होईपर्यंत पहिलंच घर आवरायचं नाही. मंडळातल्या जिन्यांच्या, पिकनिकच्या, गणपतीच्या फोटोंना प्राधान्य. जुनी मंडळी एकत्र असतील, तेव्हा एकाला न आठवलेलं नाव दुसऱ्याला आठवेल. काकूंच्या त्या सात-आठ जणांचा फोटोही मोठा करून लावणार आहोत. आपटे ओळखू आलेत, बाकीचे सांगा. येताना वाचायचा चष्मा आणा. जुन्या जाड कागदाच्या फोटोंमागे लिहायला मऊ पेन्सिली आम्ही ठेवू, कडेला हलक्या हाताने लिहायचं, बॉलपेन नको, पुढे उमटतं. गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, त्यांच्यासाठी पाकिटं असतील, नावं पाकिटावर लिहायची, फोटो आत घालायच्या आधी. डावीकडून सुरुवात करा.